ड्राइव्ह नेमका कुठून नाहीसा झाला?

एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाला की अनेक केंद्रांत आजही अहवालाबरोबर एक सीडी हातात ठेवतात. कपाटाच्या खणात लग्नाच्या, मुंजीच्या, कुणाच्या एकसष्टीच्या डीव्हीडी असतात. नव्या लॅपटॉपमध्ये या तबकड्या वाचायची सोयच नसते. मग गरज पडली की माळ्यावरचा जुना संगणक खाली निघतो, नाहीतर कुणाकडून तरी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागून आणला जातो, आणि पडद्यावर त्या ड्राइव्हचं चिन्हच उमटत नाही. 'डिटेक्ट होत नाहीये, गेला वाटतं' असं म्हणून तो बाजूला पडतो. त्याच्याबरोबर तबकडीवरचं सगळंही गेलं असं घरातली माणसं धरून चालतात.

नळ कोरडा पडला म्हणून कुणी धरण आटलं असं म्हणत नाही. आधी गच्चीवरची टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग तोटी. ड्राइव्हच्या बाबतीत मात्र आपण थेट शेवटच्या निष्कर्षाला पोचतो. ड्राइव्ह आणि पडद्यावरचं चिन्ह यांच्यामध्ये वीज, केबल, पोर्ट, बायोस, विंडोजचे ड्रायव्हर आणि ड्राइव्हला दिलेलं अक्षर असे अनेक टप्पे आहेत. यातला कुठलाही एक तुटला तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच. म्हणून तो कुठल्या टप्प्यावर नाहीसा झाला हे आधी शोधायचं. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

संगणक सुरू केल्यावर पहिल्या काही क्षणांत मदरबोर्ड आणि ड्राइव्ह यांच्यात काय बोलणं होतं, ते पाहण्यासारखं आहे. २००३च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या साटा जोडणीत माहिती नेणाऱ्या तारांच्या दोनच जोड्या असतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. सात पिनांपैकी उरलेल्या तीन ग्राउंडच्या. सुरुवातीला या तारांवरून माहिती जातच नाही. मदरबोर्ड विजेच्या स्पंदनांचे छोटे झोत पाठवतो आणि दोन झोतांच्या मधली शांतता किती लांब आहे, यावरून त्यांचा अर्थ ठरतो. ३२० नॅनोसेकंदांची शांतता असेल तर अर्थ 'नव्याने सुरू हो'. ड्राइव्ह तशाच झोतांनी 'मी आहे' असं उत्तर देतो. मग सुमारे १०७ नॅनोसेकंदांची आखूड शांतता असलेले झोत दोन्हीकडून जातात, म्हणजे 'जागा हो'. त्यानंतर दोघं बोलण्याचा वेग ठरवतात.

एवढं झालं की ड्राइव्ह आपली जात सांगतो. हार्ड डिस्कची खूण वेगळी, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हची वेगळी. मग मदरबोर्ड त्याला ओळख विचारतो आणि ड्राइव्ह ५१२ बाइटचा एक मजकूर परत पाठवतो. त्यात ४० अक्षरांची जागा मॉडेलच्या नावासाठी, २० अनुक्रमांकासाठी आणि ८ आतल्या प्रोग्रॅमच्या आवृत्तीसाठी राखलेली असते. बायोसच्या पडद्यावर ड्राइव्हचं जे नाव दिसतं ते मदरबोर्डला आधीपासून ठाऊक नसतं. ड्राइव्हने स्वतः आपल्या स्मृतीतून काढून केबलमधून पाठवलेलं ते उत्तर असतं. म्हणजे ते नाव दिसलं, तर ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्सला वीज मिळते आहे, केबल शाबूत आहे, पोर्ट जिवंत आहे आणि ड्राइव्हचं डोकं ठिकाणावर आहे, या चारही गोष्टी एका फटक्यात सिद्ध होतात.

माझ्या मते शोधाची सुरुवात इथूनच व्हावी. संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून (कंपनीनुसार कळ बदलते) बायोसमध्ये जा आणि यादीत ड्राइव्हचं नाव आहे का बघा. नाव असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या बाजूचा, नसेल तर हार्डवेअरच्या. या एका नजरेने अर्धं काम होतं. तरीही बहुतेक जण ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात, कधी कधी सगळं विंडोज नव्याने घालण्यात दिवस घालवतात आणि मग सैल केबल सापडते.

'ट्रे उघडतोय, म्हणजे ड्राइव्ह चांगलाच आहे' हा एक पक्का गैरसमज. डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हचा ट्रे माहितीची केबल काढून टाकली तरी उघडतो. ट्रे उघडला यावरून वीज पोचते आहे एवढंच कळतं. विजेचाही थोडा तपशील आहे. डेस्कटॉपच्या ड्राइव्हला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. ढोबळमानाने पहिला इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि दुसरा मोटारीसाठी. त्यामुळे १२ व्होल्टच्या तारेत बिघाड असेल तर ड्राइव्हची ओळख पटते पण डिस्क फिरत नाही, असंही होऊ शकतं. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारी दुसरी तार लावून बघणं हा फुकटचा उपाय आहे. लॅपटॉपचा सडपातळ ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतो. तो खालच्या एका स्क्रूने खाचेत अडकवलेला असतो. स्क्रू ढिला होऊन ड्राइव्ह मिलिमीटरभर बाहेर सरकला तरी संपर्क तुटतो, आणि दाबून नीट बसवला की परत येतो.

बाहेरून जोडायच्या यूएसबी ड्राइव्हमध्ये विजेची ओढाताण जास्त दिसते. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, ३.० पोर्टने ९००. डिस्क स्थिर अवस्थेतून फिरायला लागते त्या क्षणी मोटारीला नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो. पोर्टला तो झेपला नाही की व्होल्टेज पडतं, ड्राइव्हची चिप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि विंडोजचा 'जोडलं-तोडलं' असा आवाज आलटून पालटून येत राहतो. हा आवाज ऐकू आला तर ड्राइव्हला दोष देऊ नका. हब मधून काढा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा, दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं जोडा. लांब आणि बारीक केबलही व्होल्टेज खाते. शिवाय केबल निराळी निघणारी असेल आणि तिच्या जागी घरातली मोबाइल चार्जिंगची केबल लावली असेल, तर एक फसवं दृश्य दिसतं. काही स्वस्त चार्जिंग केबलींत माहितीच्या तारा नसतातच. दिवा लागतो, ट्रे उघडतो आणि संगणकाला मात्र काहीही जोडल्याचा पत्ता नसतो.

बायोसमध्ये नाव नाही आणि वीज मात्र आहे, अशा वेळी केबल बदलायची, पोर्ट बदलायचा आणि तरीही जमलं नाही तर ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून बघायचा. यात पोर्ट बदलायला लोक का कचरतात कोण जाणे. मदरबोर्डवरचा पोर्ट बिघडत नाही असा काहीतरी विश्वास असावा. तो किती चुकीचा आहे ते २०११ साली साऱ्या जगाला दिसलं. त्या जानेवारीत इंटेलने 'सँडी ब्रिज' प्रोसेसर बाजारात आणले आणि ३१ जानेवारीला जाहीर केलं, की त्यांच्या जोडीच्या ६-सीरीज चिपसेटमध्ये रचनेचा दोष आहे. साटाच्या सहा पोर्टांपैकी ० आणि १ ठीक होते. २ ते ५ क्रमांकांचे पोर्ट मात्र काळ जाईल तसे कमजोर होऊ शकत होते. त्या पोर्टांच्या घड्याळ-सर्किटमधल्या एका ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडचा थर त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या मानाने पातळ होता. त्यातून वीज झिरपायची, झिरपण्याचं प्रमाण महिन्यांगणिक वाढायचं, आणि शेवटी त्या पोर्टवरचं बोलणं अडखळायला लागायचं. इंटेलने पुरवठा थांबवला, चिप सुधारली आणि दुरुस्ती-बदलीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर होईल असा अंदाज दिला.

यात आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की ० आणि १ हे जास्त वेगाचे पोर्ट सहसा हार्ड डिस्कला दिले जात आणि डीव्हीडी ड्राइव्ह उरलेल्यांपैकी एखाद्यावर जाई. अशा संगणकात ड्राइव्ह दिसेनासा झाला तर दोष ड्राइव्हचाच असेल असं नसायचं. त्या काळातला मदरबोर्ड अजून कुणाकडे चालू असेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आजच्या मदरबोर्डांवर पोर्ट नाहीसा होण्याचं कारण निराळं असतं. एम.२ खाचेत नवी एसएसडी बसवली की काही बोर्डांवर एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण चिपसेटमधल्या त्याच वाहिन्या दोघांत वाटलेल्या असतात. कुठली खाच भरली की कुठला पोर्ट बंद, याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. 'कालपर्यंत चालत होता, फक्त एसएसडी बसवली' अशी तक्रार असेल तर आधी तो तक्ता बघावा. आणि २००५च्या आधीचा, रुंद पट्टीसारख्या ४० पिनांच्या केबलचा संगणक असेल तर एका केबलवरच्या दोन ड्राइव्हांमधला थोरला-धाकटा ठरवणारे जंपर तपासावेत. दोघंही थोरले किंवा दोघंही धाकटे ठरवलेले असले, की एक तरी गायब होऊ शकतो.

आता दुसरी बाजू. बायोसमध्ये नाव स्वच्छ दिसतं, पण विंडोजमध्ये चिन्ह नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि आत कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या बाबतीत हे आकडे दिसले, की रजिस्ट्रीतल्या दोन नोंदींवर पहिला संशय जातो. त्यांची नावं अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स.

विंडोजमध्ये ड्राइव्हकडे जाणारी प्रत्येक विनंती ड्रायव्हरांच्या एकावर एक रचलेल्या थरांतून खाली उतरते. सीडी 'बर्न' करणारे, गाणी उतरवून घेणारे, खोटा ड्राइव्ह तयार करणारे प्रोग्रॅम या थरांमध्ये आपला एक थर घुसवतात आणि त्याचं नाव वरील नोंदींमध्ये लिहून ठेवतात. पुढे तो प्रोग्रॅम काढून टाकला, की कधी कधी थराची फाइल जाते पण नोंदीतलं नाव राहतं. विंडोज सुरू होताना ते नाव वाचतं, फाइल शोधतं, सापडत नाही, आणि सगळी रासच उभी करायला नकार देतं. म्हणजे धडधाकट ड्राइव्ह, धडधाकट केबल, आणि कधीच काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचं नुसतं नाव त्याला अदृश्य करून बसलेलं. सॉफ्टवेअरने हार्डवेअर लपवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उपाय म्हणजे रजिस्ट्री एडिटरमध्ये सीडी-रॉमच्या वर्गात जाऊन या दोन नोंदी काढणं आणि संगणक पुन्हा सुरू करणं. बर्न करायचा एखादा प्रोग्रॅम त्यानंतर रुसला तर तो पुन्हा टाकावा लागतो. इथे एक सूचना मात्र मनापासून करतो. अपरफिल्टर्स नावाची नोंद कीबोर्डच्या वर्गातही असते आणि हार्ड डिस्कवरच्या विभागांच्या वर्गातही. शोध देऊन सापडेल तिथली काढत गेलात तर कीबोर्ड बंद पडेल, किंवा विंडोज सुरूच होणार नाही. म्हणून आधी त्या वर्गाची प्रत फाइलमध्ये उतरवून ठेवा, आणि आपण सीडी-रॉमच्याच वर्गात आहोत याची खात्री झाल्याशिवाय काहीही काढू नका.

रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर आधी एक सोपी परीक्षा आहे. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावर सुरू करा. काहीही स्थापित करावं लागत नाही. तिथे ड्राइव्ह दिसला आणि डिस्क उघडली, तर हार्डवेअर निर्दोष सुटलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच तक्रार नसून चिन्ह नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला वेगळं अक्षर देऊन बघावं. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फोल्डरने तेच अक्षर अडवलेलं असू शकतं.

काही वेळा ड्राइव्ह दिसतो, पण डिस्क घातली की 'डिस्क घाला' असाच निरोप येत राहतो. लोक यालाही 'डिटेक्ट होत नाही' असंच म्हणतात, पण हा आजार सर्वस्वी वेगळा, प्रकाशाचा. सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने वेढे घेत जाणारी एकच सर्पिल वाट असते. ती उलगडली तर पाच किलोमीटरांपेक्षा लांब भरेल. तिच्यावरचे खळगे अर्धा मायक्रोमीटर रुंद आणि मायक्रोमीटरच्या सुमारे आठव्या हिश्शाइतके खोल असतात. ही खोली मुद्दाम ठरवलेली आहे. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर प्लास्टिकमधून जाताना त्याच्या तरंगलांबीचा जो पाव भाग होतो, साधारण तेवढी. खळग्यात जाऊन परतलेला प्रकाश आणि शेजारच्या सपाटीवरून परतलेला प्रकाश मग एकमेकांना पुसून टाकतात, आणि तिथे अंधार दिसतो. खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असं मात्र नाही. जिथे खळगा सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक.

हे वाचण्यासाठी भिंगाला फिरत्या, किंचित लहरणाऱ्या तबकडीपासून आपलं अंतर मायक्रोमीटरभराच्या अचूकतेने सांभाळावं लागतं. डिस्क आत गेली की भिंग वरखाली होऊन प्रकाश कुठे स्पष्ट होतो ते चाचपतं, परत आलेल्या प्रकाशावरून डिस्कचा प्रकार ओळखतं आणि अगदी आतल्या कडेची अनुक्रमणिका वाचायला जातं. कारखान्यात छापलेली सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, तर पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. म्हणून भिंगावर धूळ बसलेला किंवा लेझर थकलेला ड्राइव्ह गाण्यांची विकतची सीडी वाजवतो आणि घरी लिहिलेली नाकारतो.

डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर लागतो. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीचा आणि डीव्हीडीचा असे दोन वेगळे लेझर असतात आणि ते एकदम थकतील असं नाही. डीव्हीडी चालते पण एकही सीडी चालत नाही, किंवा याच्या उलट, असं दिसलं तर बिघाड बहुधा तिथेच समजावा. रजिस्ट्री त्याला काही करू शकत नाही.

डिस्क पुसण्याची रीतही याच शास्त्रातून येते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर सीडीची चूक-दुरुस्ती आधारलेली आहे. शेजारशेजारची माहिती मुद्दाम दूर दूर विखरून लिहिलेली असते, त्यामुळे वाटेवरचा सलग अडीच मिलिमीटरांचा तुकडा गेला तरी मूळ माहिती पूर्ण परत मिळवता येते. आता गोल गोल पुसताना फडक्यातल्या कणाने ओरखडा पडला, तर तो वाटेच्याच दिशेने लांबच लांब जातो आणि ही मर्यादा ओलांडतो. मध्यापासून कडेकडे सरळ पुसताना पडलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला फक्त आडवा छेदतो, आणि तेवढं नुकसान गणित भरून काढतं. सीडीची छापील बाजू जास्त जपायला हवी, हेही अनेकांना ठाऊक नसतं. परावर्तक थर तिथे लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या पारदर्शक बाजूचा ओरखडा घासून काढता येतो. वरच्या बाजूने थरच खरवडला गेला तर माहिती गेली. त्यावर बॉलपेनने नाव लिहू नये ते याचसाठी. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे हा धोका कमी.

नाहीसं होणं म्हणजे मरणं नव्हे, याचा सर्वांत बोलका दाखला मात्र हार्ड डिस्कचा आहे. २००८च्या अखेरीस सीगेटच्या 'बाराकुडा ७२००.११' मालिकेतल्या काही डिस्क संगणक सुरू करताना अचानक बायोसमधून गायब होऊ लागल्या. मोटार फिरत होती, तबकड्या ठीक होत्या, माहिती जागच्या जागी होती. डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमच्या नोंदवहीतला मोजणीचा आकडा वीज येण्याच्या क्षणी एका विशिष्ट जागी असला, की तो प्रोग्रॅम अडकून पडायचा आणि ओळख विचारल्यावर उत्तरच द्यायचा नाही. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून सुधारित प्रोग्रॅम दिला. आधीच अडकलेल्या डिस्कच्या सर्किटला तारा जोडून, थेट आज्ञा देऊन ती जागी करण्याची पद्धत तंत्रज्ञांनी बसवली, आणि वर्षानुवर्षांचे फोटो जसेच्या तसे परत मिळाले. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा वीज देऊन बघू नका. ते माहिती वाचणारं डोकं तबकडीवर घासल्याचं लक्षण असू शकतं.

ड्राइव्ह परत दिसू लागला, की लग्नाची डीव्हीडी लगेच लावून बघायचा मोह होतो. तो आवरून आधी तिची संपूर्ण प्रत करावी. डिस्क जुनी असेल तर साधं कॉपी-पेस्ट पहिल्या खराब जागेवर अडकतं. लिनक्सवर मिळणारा 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम आधी सोपा, चांगला भाग उचलतो आणि मग अवघड जागांकडे वळतो. कुठले सेक्टर मिळाले आणि कुठले नाहीत, याचा नकाशा तो एका फाइलमध्ये लिहीत जातो. एका ड्राइव्हला जो सेक्टर वाचता येत नाही तो दुसऱ्याला पुष्कळदा येतो, कारण दोघांचे लेझर, भिंगं आणि वाचण्याची ताकद सारखी नसते. म्हणून पहिल्या ड्राइव्हचं काम संपलं की तोच नकाशा देऊन शेजाऱ्याच्या ड्राइव्हवर तीच डिस्क लावावी. तो फक्त राहिलेल्या जागाच वाचायला जातो.